दीपमालाचा रविवार

"थांबलं का पाय पयनं इसरते, सर," असं दीपमाला एकदा धावता धावता म्हणाली होती.

ती देऊळघाटची. पोलीस भरतीची तयारी करायची. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. पहाटे ती बुलढाण्याच्या रस्त्याला धावायला लागायची. डांबरावरचा तिच्या बुटांचा कोरडा आवाज कुत्र्यांच्याही सवयीचा झाला होता. भरतीच्या मुलींना शिकवणारे प्रेमानंद सर रविवारी मैदान बंद ठेवायचे. "रविवारी फक्त पडून राहा," म्हणायचे.

घरी मात्र, धावायचं नाही म्हणजे पोरगी मोकळी. तिची आई बनाबाई डोक्याला फडकं बांधता बांधता म्हणायची, "आज सुट्टी हाय ना तुले? मंग चाल वावरात." दीपमाला जायची. आधी सोयाबीन सोंगायला, मग कापूस वेचायला. दिवसभर वाकून. यात आईची जबरदस्ती नव्हती. अंग टेकायचं ते आजारपणात, एवढंच त्या घराला माहीत होतं.

दिवाळीनंतर तिची नडगी दुखू लागली.

"लंगडून राह्यली काऊन वं?" एका सोमवारी सरांनी विचारलं. "काल आराम केला का नाही?"

"केला ना, सर."

ती खोटं बोलत नव्हती. काल ती धावली नव्हती.

"हे झोपीतबी पयते, सर," मागून करिष्मा म्हणाली. मुली हसल्या. दीपमालाही हसली, आणि ओढणी नडगीला घट्ट गुंडाळून धावायला उभी राहिली.

भरतीच्या दिवशी शेवटच्या वळणापर्यंत ती पुढेच होती. तिथे पाय खालून निघून गेल्यासारखा झाला. ती पडली. उरलेल्या मुली तिच्या बाजूने धावत गेल्या. थांबणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. हाडाला आधीपासूनच बारीक चीर असावी, म्हणाले. ती वाढत गेली. "मधे विश्रांती घेत नव्हती का ही?"

"घेत व्हती ना, डॉक्टरसाहेब. दर रविवारी," बनाबाई लगेच म्हणाली. "माह्यासंगच तं राहे वावरात..."

दीपमालाने भिंतीकडे तोंड केलं.

प्लास्टर निघालं तेव्हा गहू सोंगायला आला होता. भरतीची यादी कधीच लागून गेली होती. एका सकाळी बनाबाईने अंगणात खाट टाकली, वर धुतलेली गोधडी अंथरली. लेकीचे बूट घासून उन्हात ठेवले होते. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"पडून राय, माय," ती म्हणाली. "आज रविवार हाय."

दीपमालाने खाटेकडे पाहिलं. मग खुंटीवरचा विळा काढला, डोक्याला फडकं बांधलं, आणि पाय जपून टाकत ती वावराच्या वाटेला लागली.