आम्हा दोघांनाच ठाऊक असलेलं उत्तर

तुमचा बाबा दोन वर्षं पश्चिम आफ्रिकेत तेलाच्या कामावर होता, तेव्हा तुम्ही फार लहान होता. तो निघण्याआधी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून माझ्याकडे, न्हावऱ्याला, एक फॉर्म आला होता. त्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल.

तिकडे परदेशी इंजिनिअरला पळवून नेतात आणि कंपनीकडे खंडणी मागतात. म्हणून कंपनीने विमा उतरवला होता. फॉर्मवर मी एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहायचं होतं, फक्त मला आणि माझ्या मुलाला ठाऊक असलेलं. तो प्रश्न ऑफिस त्याला विचारून त्याचं उत्तर वेगळं नोंदवणार होतं. उद्या कुणी त्याला नेलंच, तर हाच प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं म्हणजे माणूस जिवंत आहे, आणि मगच बोलणी सुरू. फॉर्म पोचल्याशिवाय त्याला पाठवणार नव्हते.

मी इंग्रजीची शिक्षिका. जन्मभर मुलांच्या वह्या वेळेवर तपासल्या. हा फॉर्म मात्र कपाटात साड्यांखाली सरकवला आणि ऑफिसातल्या मुलीला आठ दिवस सांगत राहिले, "कुरिअर आलं नाही."

विम्याचं कुणाला बोलू नका, अशी ताकीद होती. तरी आप्पांना बोलले. आप्पा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. सारा जन्म त्यांनी बैलांच्या बाजारात दलाली केली.

"आप्पा, विमा आहे तर पैसे देऊन लगेच मोकळे का होत नाहीत? म्हणे घासाघीस करायला खास माणूस येतो आणि आठवडे लावतो."

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्याच हातावर टाकला. "मास्तरीण, बाजारात आमी रुमालाखाली बोटं धरून भाव का करतो? शेजारच्याला कळू न्हाई म्हणून. लाखाचा सौदा उघडा पडला, की फुडल्या बैलालाबी लाखच मागत्यात. तुझ्या पोराला झटक्यात सोडवलं, तर त्याच्या मागनं जाणाऱ्या पोराचा भाव दुप्पट."

"आणि तोवर त्याचं काय?"

"सौदा चालू हाय तवर जनावराला कुणी उपाशी ठिवत न्हाई. उलट वैरण वाढवून टाकत्यात." मग टॉवेल झटकत म्हणाले, "मला सांगितलंस ते सांगितलंस. आता डेअरीवर नको सांगू."

पोराला जनावराच्या दावणीला बांधलं, पण मला राग आला नाही. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले आणि दुपारी फॉर्म काढला.

आधी शाळेचं नाव लिहिलं, मग खोडलं. ते कुणीही शोधून काढील. शेवटी लिहिलं: 'मी बी.एड.ला दौंडहून पुण्याला जायचे, तेव्हा माझी एक चप्पल तू कुठे लपवलीस?'

बाबा तेव्हा पाच वर्षांचा होता. चप्पल सापडेना, गाडी चुकली आणि मी दिवसभर घरी राहिले. त्याला तेवढंच हवं होतं. संध्याकाळी चप्पल ज्वारीच्या पिठाच्या डब्यात निघाली. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून आम्ही दोघांनी ते गिळून टाकलं. उत्तर लिहिलं आणि त्याच दिवशी फॉर्म पुण्याला पाठवून दिला.

चार दिवसांनी ऑफिसातली मुलगी म्हणाली, "काकू, दोन्ही उत्तरं जुळली." तिला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी बाबाचा फोन आला. "आई, इतके दिवस फॉर्म तुझ्याकडेच होता ना?"

"होता."

"आणि ते पीठ तू टाकून दिलं होतंस ना?"

"डबा काठोकाठ भरलेला होता रे. चाळून घेतलं."

"म्हणजे आप्पांनी, आजीनं, सगळ्यांनी..."

"आणि तूसुद्धा. दोन भाकरी खाल्ल्यास."

तो खूप वेळ हसत राहिला. मग आवाज बदलला. "आई, जाऊ ना मी?"

"जा," मी म्हटलं. "आणि कुणी विचारलंच, तर न घाबरता उत्तर दे."