नो ॲक्शन रिक्वायर्ड आणि घोटावड्याची भावकी

“काकू, घोटावड्याची केस परत मागं गेली,” असं म्हणून रोहितसरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

स्क्रीनवर कालपर्यंत ‘डिसिजन इन प्रोग्रेस’ असं होतं. म्हणजे निर्णय होत आला आहे. आज तिथे ‘रिव्ह्यूइंग ॲडिशनल डॉक्युमेंट्स’ असं आलं होतं. म्हणजे तुम्ही जोडलेले नवे कागद तपासतो आहोत. निर्णयाच्या दारात जाऊन परत येण्याची ही तिसरी खेप.

रोहितसर म्हणजे माझे बॉस. वयाने तुमच्या बाबापेक्षा बरेच लहान. मारुंजीत औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे आणि परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज आम्ही भरून देतो. विमा कंपनीच्या क्लेम्स डिपार्टमेंटमधून मी रिटायर झाले, तेव्हा आजोबा म्हणाले होते, आता तरी कागदांपासून सुट्टी घे. घेतली. फार पुरली नाही. आता सकाळचा अर्धा दिवस मी रोहितसरांकडे लोकांचं इंग्रजी तपासते. ‘आजी ऑफिसला गेली आहे’ हे ऐकून तुम्ही दोघं फोनवर हसता. तिथे आजी नेमकं काय करते ते कळावं म्हणून ही हकिगत लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत.

केस गणेशची होती. गणेश घोटावड्याचा. घरची शेती आहे आणि रस्त्याकडेच्या तुकड्यावर कंपनीतल्या कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. त्याची बायको पूजा परदेशात नर्स आहे. कोणत्या देशात ते लिहीत नाही. या सगळ्या देशांच्या वेबसाइट एकाच घराण्यातल्या असतात, त्यामुळे काही बिघडत नाही. नवरा-बायको दोन देशांत असले की एकाला दुसऱ्याकडे राहायला जाण्यासाठी स्पाउस व्हिसा लागतो. लग्न लावायला एक भटजी आणि एक सकाळ पुरते. ते लग्न खरं आहे हे पटायला सरकारला पुष्कळ वेळ लागतो. सरकारचंही बरोबर आहे. त्याला जेवायला बोलावलेलं नसतं.

पूजा आठव्या महिन्यात होती. तिची आई हयात नाही, सासूबाईंचा पासपोर्टच निघालेला नाही, आणि डॉक्टर आता तिला विमानात बसू देत नव्हते. तिच्याबरोबर राहणारी मैत्रीणही नर्स, तिला रात्रपाळी. म्हणजे कळा सुरू झाल्या तर टॅक्सी बोलावण्यापासून सगळं तिचं तिनेच करायचं. गणेशला बाळंतपणाच्या आधी तिथे पोहोचायचं होतं. एवढीच मागणी होती.

तासाभरात गणेश हेल्मेट हातात घेऊन आला.

“मॅडम, ग्रुपवर म्हणतायत, मागं जाणं चांगलं असतं,” तो म्हणाला.

“कुठल्या ग्रुपवर?”

“व्हिसावाल्यांच्या. आमच्यासारखीच थांबलेली लोकं हायेत. तितं एक सर हायेत, ते स्टेटसचा अर्थ सांगतात. म्हणले, मागं गेलं म्हंजी आता एकदम उडी मारणार.”

त्या ग्रुपबद्दल सांगायला हवं. शेकडो ताटातुटीतली जोडपी तिथे दिवसरात्र एकमेकांच्या स्क्रीनचे फोटो बघत असतात. कुणाच्या स्टेटससमोरचा राखाडी ठिपका निळा झाला की अभिनंदन. कुणाच्या पानावर तारीख बदलली की पेढे. हे अर्थ सांगणारे सर ठिपक्याच्या रंगावरून, ओळीतल्या स्वल्पविरामावरून, साहेबांच्या देशातल्या सुट्ट्यांवरून भविष्य सांगतात. त्यांचा स्वतःचा अर्ज कधीपासून अडकला आहे असं मी गणेशला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यात जुना त्यांचाच आहे. अनुभव दांडगा म्हणायचा.

मला ठिपक्यांतलं कळत नाही. पण ओळींतलं कळतं, कारण आयुष्यभर मी त्याच लिहिल्या. क्लेम म्हणजे विम्याचे पैसे मिळावेत म्हणून केलेला अर्ज. पैसे कधी मिळणार असं विचारणारं पत्र आलं की आमच्याकडे ठरलेली उत्तरं होती. ‘आपला दावा विचाराधीन आहे’ म्हणजे फाईल सापडली, पण कुणी उघडलेली नाही. ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ म्हणजे फाईल सापडत नाही. ‘लवकरच कळवण्यात येईल’ म्हणजे कृपया इकडे येऊ नका. पण ‘पूरक कागद प्राप्त झाले’ हे उत्तर मात्र आम्ही कधीच मनाने लिहीत नसू. कागद खरोखर आले असतील तरच ते जायचं. आणि कागद आला की फाईल साहेबांच्या टेबलावरून उतरून पहिल्या क्लार्ककडे यायची. तो ती पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचा. नियम होता. बरा होता की वाईट, ते आम्हाला कुणी विचारलं नाही.

म्हणून मी सरळ विचारलं, “नवे कागद कुणी टाकले?”

“मी नाही,” रोहितसर म्हणाले.

“मी बी न्हाई,” गणेश म्हणाला.

“पासवर्ड कुणाकडे आहे?”

गणेशने हेल्मेटची पट्टी सोडली आणि पुन्हा लावली.

“घरच्यांकडं.”

“घरचे म्हणजे कोण? आई?”

“भावकीच्या ग्रुपवर टाकलाय, मॅडम. सगळी रोज इचारायची, कुटवर आलं, कुटवर आलं. म्हणलं, तुमचं तुमीच बघा.”

भावकी म्हणजे एका मूळपुरुषाची आज झालेली सगळी घरं. घोटावड्यात ती आळीभर आहेत. हिंजवडीला नोकरी करणारे पुतणेही त्यात आले. एका परक्या सरकारच्या वेबसाइटची किल्ली आळीभर वाटलेली होती.

रोहितसरांनी अपलोड केलेले कागद उघडायला सुरुवात केली. पहिला कागद सातबारा. शेतजमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा, मराठीत, भाषांतराशिवाय. हा गणेशच्या मोठ्या चुलत्यांनी, तात्यांनी, टाकला होता. पोरगा पोटासाठी निघालेला नाही, हे साहेबाला कळावं म्हणून. त्यानंतर सरपंचांचं लेटरहेडवरचं पत्र: गणेश हा होतकरू, निर्व्यसनी आणि मनमिळाऊ तरुण आहे. आत्याने लग्नपत्रिका टाकली होती. पत्रिकेत ‘आपले नम्र’ या शब्दांखाली इतकी नावं होती की साहेबाला त्या सगळ्यांचीच पार्श्वभूमी तपासावीशी वाटली असती तर नवल नव्हतं. त्यातल्या त्यात आत्याचा कागद लग्नाशी संबंधित होता, हे नमूद करते.

पुढच्या फाईलवर रोहितसर थांबले. “गणेश, हा कोण?”

“सोन्या.”

स्क्रीनवर गुलालात माखलेला, गळ्यात ढाल बांधलेला शर्यतीचा बैल होता. धाकट्या चुलत्यांनी, अण्णांनी, ‘कौटुंबिक छायाचित्रे’ या सदरात तो टाकला होता. बैलाचा कासरा धरून गणेश उभा होता खरा. पण पूजा कुठे दिसत नव्हती.

“एवढं चांगलं गेलेलं स्टेटस प्रत्येक वेळी का परत येतंय ते आता कळलं,” मी म्हणाले. “निर्णयाला बसलेला माणूस फाईल उघडतो आणि त्याला नवा कागद दिसतो. तो ती खाली पाठवतो. खाली कुणीतरी सोन्याचं काय करायचं याचा विचार करत बसतं.”

“पासवर्ड बदलू या,” रोहितसर म्हणाले. मग घाबरले. “पण काकू, तात्या चिडतील. त्यांनी आपल्याकडे तीन पोरं पाठवलीत.”

“क्लायंट तात्या नाहीत. क्लायंट गणेश आहे. गणेश, बदलू?”

“बदला. पण मला सांगू नका.”

“तुझाच अर्ज आहे!”

“मला म्हाईत असला तर घरी माझ्याकडनं काढून घेतील. आत्या तर रडती. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

तसं लेखी संमतीपत्र त्याच्याकडून घेतलं आणि पासवर्ड बदलला. मंगळवारी तात्या आणि अण्णा पांढऱ्या गाडीतून आले. जिना चढून येईपर्यंत तात्यांनी गाडीतला राग सांभाळून आणला होता.

“बाई, आमचा आमच्याच फायलीशी संबंध न्हाई व्हय?”

“बसा. पाणी घ्या.”

“पाणी घरी हाय. ते उघडत का न्हाई ते सांगा. पंधरा दिसांत काय न्हाई केलं तर फाईल झोपती. आमी तलाठ्याकडं आयुष्य काढलंय.”

“ते साहेब तलाठी नाहीत, तात्या.”

“साहेब सगळीकडं साहेबच. फाईलवर वजन ठेवल्याबिगर हलती का ती?”

“तुमचं वजनच झालंय तिला,” मी म्हणाले.

अण्णांना हसू आलं. तात्यांनी त्यांच्याकडे बघितल्यावर गेलं. रोहितसरांना अचानक खाली झेरॉक्स काढायला जायचं आठवलं. बॉस असण्याचे हे फायदे असतात.

मी त्यांना फाईल, टेबल, पहिला क्लार्क, सगळं सांगून पाहिलं. तात्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले. मग म्हटलं, यांच्या कामातलं काहीतरी विचारावं.

“तात्या, तुमच्याकडे जमिनीची मोजणी झाली असेल.”

“लई येळा.”

“मोजणी चालू आहे, आणि बांधावर एखादा भाऊबंद नवा कागद घेऊन आला. काय होतं?”

“काय व्हायचंय? हरकत आली म्हणतो मोजणीवाला, आन् मशीन गुंडाळतो. फुडची तारीख.”

“तो भाऊबंद तुमच्या बाजूने बोलायला आला असला तर?”

“बाजू कोण बघतंय? कागद आला म्हंजी…”

तात्या थांबले. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उचलला आणि होता तिथेच ठेवला.

“म्हंजी पोराच्या मोजणीला हरकत आमीच घेतली म्हणायची.”

“मी तर निस्ता बैल टाकला हुता,” अण्णा म्हणाले.

“तू गप ऱ्हा. बैल का सासरा हाय तिचा?”

जाताना तात्या पाणी प्यायले. दाराशी वळून म्हणाले, “मग आता करायचं काय आमी?”

“काही नाही. वेबसाइट म्हणते आहे, नो ॲक्शन रिक्वायर्ड. तुमच्याकडून काहीही नको आहे.”

“हे लई अवघड काम दिलंत, बाई.”

खरोखर अवघड होतं. पुढे बरेच दिवस ओळ हलली नाही. तात्या रोज सकाळी रोहितसरांना फोन करायचे. काय केलंत? काही नाही. मग ऑफिस कशाला उघडलंय? अर्थ सांगणाऱ्या सरांनी ग्रुपवर जाहीर केलं की इतका शांतपणा वाईट असतो. गणेश वजनाने उतरला.

एका दुपारी तो बसलेला असताना पूजाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फोन माझ्या हातात दिला. ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, पाय खुर्चीवर ठेवून बसली होती.

“मॅडम, येतील ना हे? नसतील येणार तर सांगून टाका. मी दुसरी काहीतरी सोय करते. मला नुसतं धरून ठेवू नका.”

इतकी वर्षं लोकांना धरून ठेवण्याचाच पगार घेतला. ‘लवकरच कळवण्यात येईल’ जिभेवर आलंच होतं. मी म्हणाले, “माहीत नाही गं. सोय करून ठेव. फाईल आता मागं जाणार नाही, एवढंच मी सांगू शकते.”

“बरं,” ती म्हणाली. “हे बरं झालं.” आणि तिने मैत्रिणीची रात्रपाळी बदलून घ्यायचं ठरवलं.

मग पासपोर्ट पाठवा अशी ईमेल आली. पासपोर्ट गेला, व्हिसा लागून परत आला. वेबसाइटला यातलं काहीच कुणी सांगितलं नसावं. गणेश विमानतळावर निघाला त्या दिवशीही ती नवे कागद तपासत होती. माझ्या अंदाजाने सोन्यापर्यंत पोहोचली असेल.

गणेश विमानात असताना पूजाला कळा सुरू झाल्या, सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी. मैत्रीण घरी होती, म्हणून हॉस्पिटलपर्यंत हाल झाले नाहीत. मुलगी झाली. गणेश पोहोचला तेव्हा मुलगी दूध पिऊन झोपली होती. एका विमानाइतका उशीर झाला. भावकीने एक कागद कमी टाकला असता तर तो झाला नसता, हा हिशेब मी केला आणि कुणाला सांगितला नाही.

पूजाने मला फोन केला. “मॅडम, घरी आम्ही मुलगी झाली एवढंच सांगितलंय. वेळ सांगितलेली नाही. तात्या विचारतीलच तुम्हाला. त्यांना लागेल ते.”

त्यांनी विचारलंच. स्वतः ऑफिसात आले, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच म्हणाले, “बाई, खरं सांगा. येळेवर पोचलं का पोरगं?”

मी म्हणाले, “दोघी सुखरूप आहेत, तात्या. गणेश त्यांच्यापाशीच आहे.”

तात्या खुर्ची ओढून बसले. मग “बरं” म्हणाले आणि पुडा सोडून रोहितसरांना पेढा दिला.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणारी ओळ आली, की ती लिहिणाऱ्याने प्रश्न वाचलाच नाही असं आपण धरून चालतो. कधीकधी त्याने तो दोनदा वाचलेला असतो.