पिशवी काढलेली माणसं

नांदेडच्या त्या डॉक्टरला विनोद करायची भारी हौस. माझं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं हैदराबादला ऑपरेशन करून काढली होती. टाके सुकल्यावर मी त्याच्यासमोर बसून विचारलं, "डॉक्टर, आता इंजेक्शनाचं काय करायचं?" फाईल न उघडताच तो म्हणाला, "अहो, विरोधी पार्टीचं डिपॉझिट जप्त झालं. आता प्रचार कशाला करता?" कंपाउंडर हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मी जन्मलो तेव्हा सुईणीनं मुलगी झाली म्हणून सांगितलं होतं. जळकोटकडचं खेडं, शेतकऱ्याचं घर. सुईण चुकली हे मला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळलं, बाकीच्यांना कळायला पंचवीस वर्षं लागली. आठ वर्षं मी दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं. दाढी आली, आवाज फुटला, कागदपत्रं बदलली. लातुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नोकरी लागली. तिथं मला सगळे 'सर' म्हणतात आणि माझ्या पोटात काय होतं नि काय नाही, हे कुणाला ठाऊक नाही.

डॉक्टरचं म्हणणं मला पटलं असं नाही. सोयीचं वाटलं. मेडिकलवाला दर वेळी चिठ्ठी उलटीपालटी करून वाचायचा आणि मग माझ्याकडे वर-खाली बघायचा, त्याचा मला वीट आला होता. दादाला फोन करून सांगितलं. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक, म्हणजे जगातलं सगळं त्याला आधीच माहीत. तो म्हणाला, "बरोबरच हाय की. मशीनच काढली, आता तेल कशाला टाकायचं?" एक डॉक्टर, एक मुख्याध्यापक आणि तिसरा शहाणा मी. तिघांनी मिळून इंजेक्शन बंद केलं.

दाढी गेली नाही. आवाजही तसाच राहिला. आरशात बघून मी खूश होतो. पण दोन महिन्यांत छातीतून आग उठायला लागली. एकदम कानापर्यंत भाजून निघायचं, मग शर्ट भिजायचा, आणि घाम वाळता वाळता हुडहुडी भरायची. दिवसातून दहा-बारा वेळा. गुडघे, बोटांची पेरं दुखायची. शिकायला येणाऱ्यांवर मी विनाकारण खेकसायचो आणि नंतर गाडी बाजूला लावून स्टीअरिंगवर डोकं टेकून बसायचो. एक बँकेतले साहेब शिकायला यायचे. पंधरा दिवसांत त्यांना क्लच सोडता आला नव्हता, पण माझं निदान त्यांनी पहिल्याच दिवशी केलं. "सर, पित्त आहे तुम्हाला. सब्जा खा."

मी सब्जा खाल्ला. कोकम सरबत प्यालो. मिरची सोडली. इतका मूर्ख माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

मग एका दुपारी औसा रोडवर त्याच साहेबांसोबत असताना आग उठली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. माझ्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायला दोन सेकंद उशीर झाला. गाडी दुभाजकावर चढली. कुणाला काही झालं नाही, पुढचं टायर फुटलं एवढंच. पण मालकानं मला गाडीवरून काढून लायसनचे फॉर्म भरायला टेबलावर बसवलं. "तब्येत सांभाळा सर, मग बघू," म्हणाला. मी मान खाली घालून फॉर्म भरत राहिलो.

त्यानंतर दादाच्या दुसऱ्या मुलाच्या बारशाला गावी गेलो. मांडवात बायका पाळण्याभोवती, पुरुष पत्रावळीभोवती. मी पुरुषांत बसलो होतो. दोघा-तिघा म्हाताऱ्यांना अजून ते रुचत नाही, पण आता ते तोंडानं बोलत नाहीत, नुसते घसा साफ करतात. तेवढ्यात आग उठली. मी पाण्याच्या निमित्तानं उठलो आणि मागच्या अंगणात, कडब्याच्या गंजीच्या सावलीला जाऊन शर्टाची बटणं सोडून उभा राहिलो.

तिथं आत्या होती. वडिलांची धाकटी बहीण, साठीच्या आतबाहेर. नवरा गेल्यापासून माहेरीच राहते. ती मला मुलगा म्हणत नाही की मुलगी म्हणत नाही. 'लेकरू' म्हणते. लेकरू आलं, लेकरू जेवलं. सगळ्या घरात व्याकरणाचा प्रश्न तिनं एकटीनं सोडवला.

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "पिशवी काढली का रे तुझी?"

ऑपरेशनचं घरात फक्त दादाला माहीत होतं. बाकीच्यांना त्यानं अपेंडिक्स सांगितलं होतं.

"मला नको सांगू अपेंडिक," आत्या म्हणाली. "छातीतून जाळ उठतो, मग घाम सुटतो, मग थंडी वाजती. हाव का न्हाई?"

"हाव."

"हाडं ठणकतेत?"

"हाव."

"उगंच रडू येतंय?"

मी शर्टाची बटणं लावू लागलो. ती म्हणाली, "माझी सव्विसाव्या वर्षी काढली. नुसतं अंगावरून जात होतं. डॉक्टर म्हणला कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका, अन् बाजूच्या गोळ्याबी काढतो, कटकट नको. घरी आले अन् हे सुरू झालं. समदे म्हणले, नाटकं करती, कामाचा कंटाळा आलाय."

गोळ्या म्हणजे अंडाशयं, आणि समदे म्हणजे कोण, तेही मला ठाऊक होतं. त्यात मीही होतो. लहानपणी आत्या भर थंडीत पदरानं वारा घेत ओट्यावर बसायची आणि आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. मोठा झाल्यावरही बायकांची दुखणी म्हटलं की मला तिटकारा यायचा. त्या सगळ्यातून मी सुटलोय असं मला वाटायचं. आता तिच्यासमोर भिजलेल्या शर्टात उभा होतो. तिनं पदरानं माझी मान पुसली.

"माझा हात दोनदा मोडला," ती म्हणाली. "एकदा तर नुसता पाटा उचलताना. तू चांगला डॉक्टर बघ."

"तूही चल," मी म्हणालो.

नांदेडला हार्मोनच्या एक बाई-डॉक्टर आहेत, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी माझी फाईल पहिल्या पानापासून वाचली. मग चष्मा काढला.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी सांगितलं. नाव ऐकून त्यांनी फाईल मिटली. म्हणाल्या, "शरीराला दोनातलं एक हार्मोन लागतंच. बायकांचं असो की पुरुषांचं. अंडाशयं ठेवली असती तर निदान त्यांचं तरी राहिलं असतं. तुमच्याकडं आता एकही नाही. मग हाडं टिकणार कशावर?"

आम्हा दोघांच्या हाडांची तपासणी झाली. माझी हाडं वयाच्या मानानं बरीच ठिसूळ निघाली, पण सावरता येण्याजोगी. इंजेक्शन त्याच आठवड्यात सुरू करू म्हणाल्या, आणि रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करायची. आत्याच्या रिपोर्टकडं त्या जास्त वेळ बघत राहिल्या. हाडांसाठी गोळी देते म्हणाल्या. हार्मोन सुरू करायची वेळ मात्र केव्हाच निघून गेली होती.

आत्यानं विचारलं, "तवाच कुणी सांगितलं असतं तर?"

"तेव्हा तुम्हालाही औषध देता आलं असतं, आजी."

बाहेर येऊन चपला घालताना आत्या म्हणाली, "मुडद्यानं न्हाई सांगितलं." मग म्हणाली, "तुझा तो पहिला डॉक्टर कुठं बसतो? चल."

मी नको म्हणत होतो. ती ऐकेना. तासभर बाकड्यावर बसल्यावर आत बोलावलं. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. डॉक्टरनं तो पेपरातल्या जाहिरातीसारखा वरवर बघितला. म्हणाला, "असं आहे, तुमच्यासारख्या केसेस आमच्याकडं फार नसतात. माणसागणिक वेगळं असतं." मग माझ्या तोंडाकडं बघून गोड हसला. "पण दाढी तर टिकून आहे ना?"

आत्या म्हणाली, "दाढी बोकडालाबी असती, डॉक्टर."

कंपाउंडर या वेळी हसला नाही. डॉक्टरचा चेहरा पडला, आणि मग त्यानं तेच केलं जे अशी माणसं करतात. बेल वाजवून पुढचा पेशंट आत बोलावला. माफी सोडाच, "माझं चुकलं असेल" एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. मला त्याचा राग आला नाही. राग यायला समोर थोडाफार माणूस लागतो.

इंजेक्शन सुरू झाल्यावर महिना-दीड महिन्यात घाम थांबला. झोप लागू लागली. तीन महिन्यांनी मालकानं मला परत गाडीवर घेतलं. हाडांची तपासणी पुढच्या वर्षी पुन्हा आहे. तोवर काय सुधारलं हे सांगता येत नाही, बाईंनी तसं स्पष्टच सांगितलंय. दादाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मला वाटलंच होतं." त्याला काय वाटलं होतं, ते मी विचारलं नाही. मुख्याध्यापकांना सगळंच वाटलेलं असतं.

आत्याची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी. घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती रविवारी सकाळी ओट्यावर ताठ बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारतात, काय गं, कशाला अशी बसलीस? ती सांगते. आमच्या एकट्या गल्लीत पिशवी काढलेल्या पाच निघाल्या, दोघी तर पस्तिशीच्या आतल्या. त्यातल्या कुणाकुणाच्या बाजूच्या गोळ्याही काढल्यात, हे त्यांना स्वतःलाच माहीत नाही. कागद कुणाकडंच नाहीत.

दोघी नांदेडला जाऊन आल्या. तिसरीच्या नवऱ्यानं सोडलं नाही. म्हणाला, पिशवीच न्हाई तर तुला दवाखाना कशाला लागतो? आत्या त्याच्या दारात जाऊन बसली आणि तो शेतातून येईपर्यंत हलली नाही. आल्यावर त्याला काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी ती बाई सकाळच्या एसटीनं गेली, आणि तिकीट काढायला नवरा स्वतः स्टँडवर आला होता.