कावळ्याला दिलेला शब्द

माझा मुलगा जर्मनीत असतो आणि मला फोन करतो तो गाडी चालवताना. ऑफिसला जातानाचा तेवढा वेळ नाहीतर फुकट जातो ना! आधी म्हणे गाणी ऐकायचा, आता आई ऐकतो. म्हणजे ऐकतो कसला, "हं, हं" करतो. "जेवलीस का? गोळ्या घेतेस ना? पाऊस आहे का मुलुंडला?" मी म्हणते, मुलुंडचा पाऊस तुझ्या मोबाईलवर दिसतो, मला कशाला विचारतोस? तो हसतो. मग सिग्नल सुटतो आणि माझं वाक्य अर्धंच राहतं. ऑफिस आलं की, "चल आई, पोचलो, ठेवतो." गाडी लावून दोन मिनिटं बसून बोलला असेल तर शपथ. वर शेजारणीला कौतुक, "किती नेमाने फोन करतो हो तुमचा मुलगा!" करतो बाई, करतो. रस्त्याला लागला की आई आठवते त्याला.

आमचे हे गेले, त्याला वर्ष झालं आणि पितृपक्षात त्यांचा पहिला म्हाळ घातला. नणंद घाटकोपरहून सकाळीच येऊन बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं केळीच्या पानावर वाढून आम्ही दोघी गच्चीवर गेलो. कावळा पानाला शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, ही आमची रीत. आणि एरवी खिडकीतून पोळी पळवणारे मेले कावळे त्या दिवशी पाण्याच्या टाकीवर साहेबासारखे बसून होते. एक हलेना.

"वयनी, दादाची कायतरी इच्छा रवली हा," नणंद म्हणाली. "सांग त्याका."

कावळा अडला की गेलेल्या माणसाच्या मनातलं ओळखून वचन द्यायचं असतं. मी दिलं. घर विकणार नाही. गावच्या देवाला नारळ देईन. तुमच्या बहिणीला अंतर देणार नाही, हे आपलं ती शेजारी उभी होती म्हणून. कावळे ढिम्म. डोक्यावर ऊन, खिरीवर माश्या, आणि तेवढ्यात मुलाचा फोन. गाडीतूनच, अर्थात. उन्हात उभ्या आहोत, कावळा शिवत नाही, एवढं मी सांगतेय तोच नणंदेने फोन माझ्या हातातून ओढला, स्पीकर लावला आणि पानावर धरला. "बोल रे बापाशीक कायतरी!"

"बाबा," तो म्हणाला, "मी दिवाळीला येतो. नक्की."

शब्द पुरा होतोय तोच एक कावळा सपकन उतरला आणि वडा उचलून गेला. नणंद ढसाढसा रडायला लागली. माझा ह्या कावळ्यांवर कवडीचा विश्वास नाही, पण मीसुद्धा रडले. शेवटच्या आजारपणात ह्यांना एकच ध्यास होता, पोराला एकदा डोळे भरून बघायचं. ते काही झालं नव्हतं.

मग काय, माझी अक्कल गेली चरायला! चकलीची भाजणी दळून आणली, त्याच्या खोलीला रंग काढला, गादी नवीन भरून घेतली. अख्ख्या बिल्डिंगला सांगून मोकळी झाले. त्याला तिकिटाचं विचारलं की तेवढ्यात बरोबर त्याचं वळण यायचं.

वसुबारस तोंडावर आली तेव्हा मी सरळच विचारलं, "विमान कितीचं आहे रे?"

"कसलं विमान?" मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं आई, ते मी कावळ्यासाठी बोललो होतो! तू आणि आत्या उन्हात ताटकळत होतात ना. झकास काम झालं की नाही? लगेच शिवला."

झकास म्हणे! तोंडात शिवी आली ती गिळली. "बापाला वचन दिलंस ना तू?"

"बाबा कुठे ऐकत होते, आई?"

"ते नसतील रे," मी म्हणाले. "पण मी ऐकत होते ना."