गुळाचा खडा

"हे काय काम करतात?" शहाद्याच्या डॉक्टरांनी विचारलं. माझा कामगार नामदेव खोकत होता, म्हणून उत्तर मी दिलं. "गॅरेजला. पेंटिंगचं." ते खोटं होतं. आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पेंटिंग दुसरे करायचे. आम्ही जुना रंग काढायचो. शहाद्याबाहेर माझी ब्लास्टिंगची शेड आहे. कॉम्प्रेसरची हवा टाकीतल्या वाळूला पाइपमधून ढकलते, आणि टोकाच्या नोझलमधून ती गाडीच्या पत्र्यावर आदळते. रंग, पुट्टी, गंज सगळं उडून स्वच्छ पत्रा उरतो. पण बॉनेटचा, दरवाजाचा पत्रा पातळ. नोझल एका जागी रेंगाळलं, की मार खाऊन तो फुगतो. मग कितीही ठोका, सरळ होत नाही. नामदेवने एकही पत्रा फुगवला नाही. मोलगीच्या घाटात चालणाऱ्या जीपा, पुरुषोत्तमनगरला ऊस नेणारे ट्रक, सगळे त्याच्या हाताखालून गेले. जीपवाले मला नमस्कार करायचे, पण विचारायचे, "नामदेव आहे ना?"

या कामासाठी गार्नेट नावाची लालसर दाणेदार खडी मिळते. ती सुरतेहून मागवावी लागे. नदीची वाळू तर दारातच वाळत पडलेली. फरक एवढाच, की वाळू फुटून पिठासारखी धूळ होते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते, कायमची. गार्नेटवाल्याने मला हे स्पष्ट सांगितलं होतं. मी वाळूच वापरली.

धूळ नाकात जाऊ नये म्हणून घालायचं हवेचं हेल्मेट एकच होतं. त्याची काच वाळूने घासून दुधासारखी झालेली.

"भाऊ, येम्हा काहीच दिखत नही. पत्रा फुगी जाई," म्हणत नामदेवने हेल्मेट काढलं आणि तोंडाला रुमाल बांधला.

"काच मागवतो."

"मांगाडी ले. तवलोंग गूय खाई लेसू."

तवलोंग म्हणजे तोवर, गूय म्हणजे गूळ. धुळीत काम करणाऱ्यांमध्ये आमच्याकडे समजूत आहे, की गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते. नामदेव कळसाडीचा. त्याच्या गावच्या उसाचा गूळ मी डब्यात भरून ठेवला. रोज काम संपलं, की त्याच्या हातावर एक खडा ठेवायचा. तो चघळायचा, पाणी प्यायचा, आणि आपण आपलं केलं असं मला वाटायचं. काच मागवायला मी वर्ष लावलं.

मग खोकला आला. "मन्हा कॉम्प्रेसर लीक शे, भाऊ," तो हसून म्हणायचा. पुढे शेडच्या तीन पायऱ्या चढतानाही तो मध्ये थांबू लागला. तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि पेंटिंग म्हणालो. खरं बोललो असतो, तर पुढचा प्रश्न माझ्या शेडवर आला असता.

थुंकीत जंतू सापडले नाहीत. पण छातीच्या फोटोत डाग होते, वजन उतरलेलं होतं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी डाग वाढलेले. आम्ही धुळ्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "खाणीत, दगडाच्या किंवा वाळूच्या धुळीत काम केलंय? नीट आठवून सांगा. मला हे टीबीसारखं वाटत नाही."

नामदेवने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहत होतो.

"नही साहेब," तो म्हणाला. "गाड्यास्ले रंग मारस."

बाहेर आल्यावर बाकावर बसून तो बराच वेळ दम घेत राहिला. मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"तू पहिले सांगी टाकेल व्हतं ना. तुले खोटा कसा पाडू?"

मी परत आत जाऊ शकत होतो. दार दहा पावलांवर होतं. मी चहा आणायला गेलो.

तो गेल्याला आता दोन वर्षं होतील. मी गार्नेट वापरतो, हेल्मेट घालतो, काच वेळच्या वेळी बदलतो. शेडमध्ये एकटाच असतो. कॉम्प्रेसर बंद केला, की इतकं शांत होतं, की मी तो उगाच पुन्हा चालू करतो. गुळाचा डबा फळीवर तसाच आहे.

मागच्या महिन्यात कळसाडीला गेलो. नामदेवची बायको, सुमनवहिनी, एकटीच ओट्यावर होती. लग्नाआधी तिच्या भावाला टीबी झाला होता. तो आजार तिनेच या घरात आणला, असं सासरचे म्हणतात. तीही तेच मानते. भाऊबंद तिच्याकडे पाणी पीत नाहीत. तिने मला चहा दिला.

"कप आल्लग शे, भाऊ. बिनघोर प्या."

मी चहा प्यालो. पाऊसपाण्याचं बोललो. निघालो.

धंद्यातला धडा साधा आहे. गूळ पोटात जातो, धूळ छातीत. दोघांची वाट वेगळी.

सुमनवहिनीला एवढं सांगण्याचं देणं माझ्यावर आहे: आजार तुझ्या माहेरचा नव्हता. वाळू माझी होती. ते अजून सांगितलेलं नाही.