बोर्डावरचा नकाशा
मार्चमधला सोमवार, सकाळी दहा. हजर: मी, साहेब, तिन्ही टीमचे प्रमुख आणि शिरोलीच्या लोखंड ओतणाऱ्या ज्या फाउंड्रीसाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो तिथले मिस्त्री. मार्करचा वास आला की वहीतली ही नोंद आठवते. दर पंधरवड्याला प्रत्येक टीम आपला तुकडा चालवून दाखवायची, पण एकीने काही बदललं की दुसरीचं बंद पडायचं. म्हणून मी पूर्ण सिस्टिमचा नकाशा बोर्डावर काढला होता. साहेबांनी डस्टर उचललं. "मॅडम, चित्रं काय काढत बसलाय? परवा डेमो हाय, पुसा ते." मी बोर्डासमोर उभी राहिले. "आधी मला टीममधून काढा, मग पुसा. वेग मलाही पाहिजे, पण काय कशाला जोडलंय ते बघून." मिस्त्री हसले. "ऱ्हाऊ द्या की सायेब, साचा बघितल्याबिगर आम्ही तरी कुठं रस ओततोय? पण बाई, बाद झालेला माल परत भट्टीत जातोय, त्यो कुठं हाय ह्यात?" तो नव्हताच. मी तिथंच एक रिकामा चौकोन काढला. साहेबांनी डस्टर ठेवलं. नकाशा दर पंधरवड्याला बदलतो, पुसला मात्र जात नाही. आजही कुणी डस्टर उचललं तर मी तिथंच उभी राहीन. सुटलेलं काही सापडलं की मी असाच रिकामा चौकोन काढते; तो भरायचं काम आजच्या यादीतही पहिलंच आहे.