तिठ्यावरचे शंभर मीटर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणारे लोक आधी दिवे का मालवतात, मला कळत नाही. माझी गोष्ट रविवारच्या भर दुपारची आहे, लख्ख उन्हातली, आणि तीत मी अर्ध्या चड्डीत आहे.

आधी माझी अडचण सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्या हौशी लोकांच्या स्पर्धेत मी शंभर मीटरला सलग दोन वर्षं नाव दिलं आणि दोन्ही वर्षं पळालो नाही. एकदा गुडघा सुजला, एकदा डेंग्यू झाला. आमच्या उलव्याच्या सोसायटीत पोरं मला 'नाव देणारे काका' म्हणू लागली. तिसऱ्यांदा नाव दिलं तेव्हा बायकोने माझे धावायचे काटेरी बूट हातात उचलून धरले.

"अहो, या खेपेला रेषेपलीकडे पोचला नाहीत, तर हे भंगारात. आणि पुन्हा नाव द्यायचं नाही."

"मंजूर," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. मला असे प्रसंग आवडतात.

आता सराव कुठे करायचा? सकाळी आमच्या रस्त्यांवर चालणाऱ्यांची जत्रा असते आणि संध्याकाळी स्कूटी शिकणाऱ्यांची. ती सगळी माणसं मला ओळखतात. म्हणून मी दुपारचे बारा निवडले. सोसायटीच्या मागे एक नवा कोरा रस्ता आहे. दुभाजक आहे, दिव्याचे खांब आहेत, रहदारी मात्र नाही. दोन्ही बाजूंना बांधून तयार असलेले उंच टॉवर, पण राहायला अजून कोणी आलेलं नाही. रस्ता पुढे तिठ्याला मिळतो आणि तिठ्याची एक वाट सरळ खारफुटीत जाऊन थांबते.

तिठ्यावर कोणीतरी उतारा ठेवलेला होता. पानावर भात, अर्धा नारळ, कुंकू लावलेलं लिंबू. कोणाच्या तरी अंगावरून उतरवलेली पीडा तिथे टाकून माणूस निघून गेला होता. मी शिकलेला माणूस. शिवाय खडू घरी विसरलो होतो. लिंबाच्या रेषेत पाय ठेवला, वाकलो आणि स्वतःच 'धाव' म्हणून सुटलो.

मागून पावलं आली.

मी थांबलो. ती आणखी दोन पडली आणि मग थांबली. रिकाम्या टॉवरांवरून आवाज उलटून येतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी स्वतःशी हसलो आणि पुन्हा पळालो. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला उजव्या मांडीच्या मागे कोणीतरी वायर ओढल्यासारखी कळ आली आणि मी दुभाजकावर बसलो.

मग लंगडत घराकडे निघालो. माझं एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं. मागचा आवाज मात्र धडधाकट माणसाचा होता. दोन्ही पावलं सारखी, सावकाश. माझा प्रतिध्वनी लंगडत नव्हता!

मागे पाहिलं. रस्ता उन्हात थरथरत होता आणि त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आमच्याच इमारतीत साताऱ्याकडचे एक निवृत्त खेळाचे सर राहतात. त्यांनी लॉबीतच मला बाकावर पालथं पाडलं आणि मांडी दाबून पाहिली.

"फाटलं न्हाई, ताणलंय. बर्फ लावा. आठवडाभर पळायचं नाव काढायचं न्हाई. शर्यतीच्या दिवशी पट्टी मी बांधतो." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "आन् गेटपासनं इथवर सारखं मागं काय बघत हुता? धावणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. सवय लागती."

संध्याकाळपर्यंत अंगात ताप भरला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे. ते खरंच असणार. पण तापात पडल्या पडल्या मला आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये तीच सावकाश पावलं ऐकू यायची. आमच्या दारापर्यंत यायची. परत जाताना कधी ऐकली नाहीत.

दोन दिवसांनी करावे गावाहून सासूबाई आल्या, सोबत सुक्या बोंबलांची पिशवी आणि तयार संशय घेऊन. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"जावयबापू, कया गेलताव तुमी?"

"कुठे जाणार? सरावाला. मागच्या रस्त्यावर."

"कवा?"

"दुपारी. बाराला."

"भर दुपारी, तिठ्यावर?" त्यांचा हात कपाळावरून निघाला. "तिथं काय ठेवलेलं व्हता?"

"लिंबू होतं. पण मी पाय लावला नाही हं! फक्त लिंबाच्या रेषेत उभा राहिलो."

सासूबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, हा माणूस तू स्वतः पसंत केला होतास.

त्यांनी मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि गॅसवर तापलेल्या तव्यावर टाकल्या. एरवी आमच्याकडे फोडणीत एक मिरची जळली तरी शेजारचे खोकतात. तव्यावर मूठभर मिरच्या काळ्या पडल्या, धूर छतापर्यंत गेला, आणि कोणीही खोकलं नाही. माझं नाक चोंदलेलं होतं, माझी साक्ष बाद. पण बायकोने तव्यावर वाकून हुंगलं आणि हळूच मागे सरकली.

"आई, वासच नाही गं."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण पंचवीस वर्षांत तसं घडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांनी नवा उतारा केला आणि मला सोबत घेतलं. "ज्या जाग्यावर उभा ऱ्हायलाव, तिथंच ठेवाचा. आनी परत येताना मागं बगाचा नाय. कोनी हाक मारली तरी नाय."

"सरही हेच सांगतात," मी म्हणालो.

"मग तुमचा सर शाना हाय."

ठेवला. परत फिरलो. मी लंगडत होतो, सासूबाईंच्या चपला फटफट वाजत होत्या, आणि आमच्या मागून येणारं सावकाश आणि सारखं वाजत होतं. मी मान लोखंडासारखी ताठ धरली. त्यांना ऐकू येतंय की नाही, हे विचारायची सोय नव्हती. गेट आलं, लॉबी आली, लिफ्ट आली. आत शिरताच सासूबाई म्हणाल्या, "दार लावा. बेगीन लावा!"

सकाळी ताप उतरला होता. बायकोने श्रेय गोळ्यांना दिलं.

स्पर्धेच्या दिवशी सरांनी मांडी अशी आवळली, की मी अर्धा पुतळाच झालो. तापाने पायातलं त्राण गेलेलं. कडेची मार्गिका मिळाली. गोळी वाजली आणि बाकीचे सात जण माझ्यापुढे पाखरांसारखे उडाले, असं मला वाटलं. अर्ध्यावर मांडीने कळ दिली. थांबावंसं वाटलं, देवाशप्पथ. आणि तेवढ्यात मागे पावलं ऐकू आली, जवळ, अगदी खांद्याशी.

सांगतो, मला केवढा आनंद झाला! कोणीतरी माझ्याही मागे होतं! मी शेवटचा नव्हतो! आनंद झाला आणि त्याच क्षणी मानेवर काटा आला, कारण ती पावलं सावकाश होती, आणि तरी मागे पडत नव्हती. मी दात आवळले, मागे न पाहता फरफटत पळालो आणि रेषेपलीकडे गवतात तोंडावर पडलो.

बायको मोबाइल नाचवत धावत आली. "पोचलात! बूट राहिले तुमचे!"

"शेवटून दुसरा," मी धापा टाकत म्हणालो. "एकाला मागे टाकलं."

तिचा चेहरा बदलला. "अहो, बाकीचे कधीच पोचले होते. तुमच्या मागे कोणीच नव्हतं."

तिने व्हिडिओ दाखवला. मोकळ्या धावपट्टीवर मी एकटा पळत होतो. सासूबाईंनी मोबाइल घेतला, पुन्हा लावला, कानाशी धरला. नंतर पदराने पुसून लेकीला परत दिला आणि म्हणाल्या, "चला घरी."

रिक्षात आम्ही तिघंच होतो. मी मध्ये, बायको एका कडेला, सासूबाई दुसऱ्या. रिक्षा सुटायच्या आत सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं.

"जावयबापू, जरा तिकडं सरका."

त्यांना स्वतःला बसायला जागा पुरेशी होती. मी काही न विचारता सरकलो.